धुतलेली गाडी दाखवायची नाही

अक्कांनी गाडी विकायला काढली आणि त्याच दिवसापासून ती धुणं बंद केलं.

एरवी रोज सकाळी एक बादली पाणी आणि जुन्या सुती साडीचे तुकडे घेऊन त्या अंगणात उतरायच्या. फडकं पिळल्याचा आवाज वर माझ्या खोलीत यायचा आणि मला जाग यायची. गाडी विकायची ठरली आणि तो आवाज थांबला. मी खाली येऊन विचारलं, "अक्का, आता लोक बघायला येतील आणि तुम्ही आत्ताच धुणं थांबवलं?"

"धुतलेली गाडी दाखवायची नाही. धुतली की माणूस चमक बघत बसतो. मला गाडी दाखवायचीय."

धुळ्यात देवपूरला त्यांच्या घराच्या वरच्या दोन खोल्यांत मी भाड्याने राहत होते. कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते, त्यामुळे सकाळचे एक-दोन तास कॉलेजचे आणि उरलेला दिवस अक्कांचा, असं काहीसं झालं होतं. त्या आयटीआयमधून निवृत्त झालेल्या. मुलींना शिवण शिकवायच्या. लग्न केलं नाही. का केलं नाही असं कोणी विचारलंच तर "वेळ झाला नाही" म्हणायच्या, आणि समोरचा पुढे काही विचारायच्या आत त्याच्या सदऱ्याची कॉलर कुठे चुकली आहे ते सांगायच्या. नोकरीतले शेवटचे काही पैसे एकत्र करून त्यांनी ही छोटी राखाडी गाडी घेतली. तेव्हा आमच्या गल्लीत बाई गाडी चालवताना दिसायची नाही. अक्का चालवायच्या, त्याही अनवाणी. चप्पल काढून मागच्या सीटखाली ठेवायच्या. "पायाला कळलं पाहिजे," एवढंच स्पष्टीकरण.

गाडीत खायचं नाही. गाडीत मोठ्याने बोलायचं नाही. भरिताची वांगी आणायची असली तरी ती पिशवीत, पिशवी पाटीत आणि पाटी डिकीत. शेजारच्या काकूंना एकदा दवाखान्यात नेताना, बिचाऱ्या कण्हत असतानाही, अक्कांनी आधी त्यांना पाय झटकायला लावले होते. काकू बऱ्या झाल्यावर ही गोष्ट हसत सांगायच्या. पण अक्कांशिवाय त्या वेळी कोणी धावलं नव्हतं, हेही सांगायच्या.

अशा बाईने गाडी विकावी याचं सगळ्यांना नवल वाटलं. मला वाटलं नाही, कारण ती घटना घडली तेव्हा मी शेजारच्या सीटवर होते.

आम्ही बाजारातून येत होतो. वळणावर डाव्या बाजूने एक माणूस सायकलवर आला. मला तो बराच आधी दिसला होता, अक्कांनाही दिसला असेल असं धरून मी गप्प होते. तो अगदी पुढ्यात आला तेव्हा मी ओरडले आणि अक्कांनी ब्रेक दाबला. सायकलवाला हात दाखवून निघून गेला. त्याला काही झालं नव्हतं. अक्कांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि किल्ली माझ्या हातात दिली.

"घरी तू ने."

"अक्का, होतं असं कधी कधी."

"मला तो दिसलाच नाही, पोरी. डाव्या डोळ्याचं डॉक्टरांनी सांगितलं होतं, ते खरं आहे." काचबिंदू होता. त्या खाली उतरल्या, गाडीला वळसा घालून माझ्या बाजूला आल्या आणि दार उघडून उभ्या राहिल्या. त्यानंतर त्या स्टिअरिंगमागे कधीही बसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना म्हणाल्या, "उभी राहून गाडी खराब होते. चालवणारं माणूस बघायला पाहिजे."

मी म्हटलं, मोबाईलवर जाहिरात टाकू. त्यांनी मजकूर सांगितला, मी टाईप केला. "एका हातची गाडी. डाव्या मागच्या दारावर ओरखडा आहे, तो आधी बघावा. एसी दुपारी कमी पडतो. सकाळी यावे. मालकीण तिरसट आहे."

"शेवटचं वाक्य काढू या का?"

"का? खोटं आहे?"

जाहिरात तशीच गेली.

पहिला आला तो जुन्या गाड्यांचा दलाल. गाडीभोवती फिरला आणि म्हणाला, "अक्का, माझ्याकडे चार दिवस द्या. पॉलिश मारतो, तो ओरखडा दिसणार पण नाही, आत नवा वास मारतो. गिऱ्हाईक डोळे झाकून घेईल."

"डोळे झाकून घेणाऱ्याला मला द्यायचीच नाही," अक्का म्हणाल्या आणि फाटक उघडून धरलं.

एकाने दार धाडकन लावलं, त्याला तिथूनच परत पाठवलं. एक नवराबायको शिरपूरहून आले. ते अंगणातच उभे राहून मोबाईलवर फोटो काढत होते आणि कोणाला तरी पाठवत होते. अक्का म्हणाल्या, "ज्यांना पाठवताय त्यांनाच घेऊन या." ते रागावून गेले. मी म्हटलं, अक्का, अशाने गाडी विकली जायची नाही. त्या म्हणाल्या, "जाईल. दाखवायची तशी दाखवली की जाईल."

त्यांची दाखवायची पद्धत अशी. आधी ओरखडा. मग पुढचं मागचं काही न दाखवता त्या एकेक दार उघडून खालचे मॅट काढायच्या, मॅटखालचा गालिचा उचलायच्या आणि उघडा पत्रा दाखवायच्या. डिकीतली स्टेपनी बाहेर काढून तिच्याखालची खोलगट जागा दाखवायच्या. सीट पुढे ओढून सीटखालच्या वायरी दाखवायच्या. सीटची कव्हरं त्यांनी स्वतः शिवली होती, ती अर्धी काढून उलटी करायच्या आणि आतली शिलाई दाखवायच्या. "आयटीआयमध्ये मी मुलींचं काम कधी सरळ बाजूने तपासलं नाही. सरळ बाजू सगळ्यांचीच चांगली असते." येणारी माणसं बापडी किलोमीटर आणि किंमत विचारायला आलेली असत. अर्धा तास सीट-गालिचे बघून थकून जात.

मग फैजपूरचे आबा आले. केळीचे शेतकरी, स्वच्छ पांढरा सदरा, बोलणं मोजकं. सोबत त्यांची मुलगी होती. नुकतीच डॉक्टर झाली होती आणि सातपुड्याच्या पायथ्याशी एका आरोग्य केंद्रात रुजू झाली होती. केंद्रापर्यंत बस धड जात नाही, म्हणून तिच्यासाठी गाडी बघत होते. तिने गाडीला हात लावायच्या आधी चप्पल झटकली. अक्कांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, झालं, गाडी विकली.

पण आबा त्याहून पक्के निघाले. अक्कांनी मॅट काढला, गालिचा उचलला. आबा वाकले, पत्र्यावर बोट फिरवून बोट बघितलं. स्टेपनीखाली बघितलं. सीटचं कव्हर उलटं केल्यावर ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"बाई, एक विचारू? राग नका मानू."

"विचारा."

"गाडी एवढी जुनी. रस्ते आपले असे. आणि आतून एवढी नवी? सीटही नवी शिवलेली. मले तर वाटतंय, ही सुरतच्या पुरात बुडालेली गाडी आहे. आतून बठ्ठं बदलून आपल्याकडे आणून विकतात. आमच्या गावात एकाने घेतली, सहा महिन्यांत रस्त्यात बंद पडली. माझी पोरगी जंगलाच्या रस्त्याने एकटी जाणार आहे."

मुलगी म्हणाली, "बाबा!" माझा तर संताप झाला. ज्या बाईने गाडीत शेंगदाण्याचं टरफल पडू दिलं नाही, तिला हा माणूस फसवणारी म्हणत होता. मी बिलं आणायला आत वळले, तर आबा म्हणाले, "कागद राहू द्या. कागद कोणीही करून आणतो."

अक्का रागावल्या नाहीत. खाली बसून त्यांनी गालिचा पुन्हा नीट बसवला, मॅट टाकला, उठल्या आणि गुडघ्यावरची धूळ झटकली.

"बरोबर विचारलंत. पोरगी एकटी जाणार असेल तर विचारलंच पाहिजे. पारोळ्याला चला. ही गाडी पूर्ण खोलणारा एकच माणूस आहे, तो पारोळ्याला आहे. त्याने आतलं सगळं बघितलंय."

मी एकदम त्यांच्याकडे बघितलं. पारोळ्याचा मिस्त्री हा विषय त्या घरात काढायचा नसे. आयटीआयची सुरुवातीची नोकरी त्यांनी पारोळ्याला केली होती, आणि गाडी घेतल्यापासून कितीतरी वर्षं त्या ती पारोळ्याच्याच मिस्त्रीकडे नेत. मग काहीतरी बिनसलं आणि तिकडे जाणं बंद झालं, एवढंच मला माहीत होतं.

गाडी मी चालवायला घेतली. अक्का शेजारी, बापलेक मागे. पांझरेचा पूल ओलांडून शहराबाहेर आलो आणि अक्का मागे न वळता, रस्त्याकडे बघत बोलायला लागल्या.

"आबा, आधीच सांगते. हा मिस्त्री माझ्यावर चिडलेला आहे. आम्ही कित्येक वर्षं बोललेलो नाही."

"का बरं?"

"मी त्याला चोर म्हटलं होतं. गाडीचं ऑइल बदलून निघाले आणि थोड्या अंतरावर ऑइलचा लाल दिवा लागला. परत गेले आणि सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हटलं की पैसे घेतलेस आणि ऑइल टाकलं नाहीस. तो म्हणाला, टाकलं. मी ऐकलं नाही. धुळ्यात दुसऱ्याला दाखवलं, तर खालचं चेंबर दगड लागून तडकलेलं. ऑइल रस्त्यावर सांडलं होतं. त्याने बरोबर टाकलं होतं."

"मग तुम्ही त्याले सांगितलं नाही?" आबांनी विचारलं.

"नाही. जाईन जाईन म्हणत राहिले. लाज वाटली."

मग आबा म्हणाले, "बाई, मग त्याच्याकडेच कशाला? दुसरा कोणी नाही?"

"दुसरे आहेत. पण ते माझ्याबद्दल चांगलंच बोलतील. हा बोलणार नाही."

मी हळूच म्हटलं, "अक्का, मग पोचल्यावर आधी त्यांची माफी मागून टाका. म्हणजे ते शांत होतील."

"अजिबात नाही," त्या म्हणाल्या. "आधी माफी मागितली तर तो खूश होऊन गाडीचं कौतुक करेल. मग आबांनी ते कसं धरायचं? आधी त्याला बोलू दे. माझं मी नंतर बघते."

पारोळ्याला हायवेपासून जरा आत मिस्त्रींचं गॅरेज होतं. पुढे पत्र्याची शेड, तीन-चार मोटारसायकली, दोन माणसं बाकावर बसलेली. मिस्त्री एका ट्रॅक्टरखालून बाहेर आले. पन्नाशीचे, केस पांढरे, हात कोपरापर्यंत काळे. त्यांनी आधी गाडी ओळखली, मग अक्कांना. चेहरा बंद झाला.

अक्का उतरल्या. नमस्कार नाही, कसे आहात नाही. म्हणाल्या, "ही मंडळी माझी गाडी घ्यायला आलीत. ती पुरात बुडालेली आहे असं त्यांना वाटतं. तुम्ही ती खोलली होती. जे खरं असेल ते सांगा. मी समोर उभी राहत नाही." आणि त्या वळून रस्त्यापलीकडच्या कडुनिंबाखाली जाऊन उभ्या राहिल्या, आमच्याकडे पाठ करून.

मिस्त्री हात पुसत उभे राहिले. आधी ते आबांशी बोललेच नाहीत, बाकावरच्या माणसांना म्हणाले, "देखा. बठ्ठा गिऱ्हाईकेस्ना सामने माले चोर म्हनेल शे या बाईनी. आनि आज मनाकडे गिऱ्हाईक लई उनी." चोर म्हणून गेलेली बाई आज गिऱ्हाईक घेऊन आली, हे बाकावरची माणसं गुंग होऊन ऐकत होती. मिस्त्री खूप बोलले. त्या दिवसानंतर चार लोकांनी त्यांच्याकडे यायचं सोडलं होतं. त्यांच्या बायकोने विचारलं होतं, खरंच टाकलं होतं ना ऑइल? ते त्यांना सगळ्यात जास्त लागलं होतं. मला वाटलं, आता हा माणूस एका शब्दात सगळं उलटं करेल आणि ते त्याला शोभूनही दिसेल.

आबा शांतपणे म्हणाले, "मिस्त्री, माझी पोरगी चालवणार आहे. बाईशी मले देणंघेणं नाही. गाडी कशी आहे?"

मिस्त्रींनी मुलीकडे बघितलं. मग गाडीकडे गेले, बॉनेट उघडलं. टॉर्च लावून आत कुठे कुठे बघितलं. ड्रायव्हरच्या बाजूला खाली झोपून डॅशबोर्डच्या मागे हात घातला. मला गाडी चालू करायला सांगितली, बंद करायला सांगितली, पुन्हा चालू करायला सांगितली. एकदा, कोणाचं लक्ष नाही असं वाटून, त्यांनी सीटच्या शिलाईवरून बोट फिरवलं. बॉनेट लावलं ते दोन्ही हातांनी दाबून.

"पानी लागेल नही," ते म्हणाले, म्हणजे गाडीला पाणी लागलेलं नव्हतं. "मी खोलेल शे ही गाडी. नट न नट माले माहीत शे. एसीचं काम काढावं लागेल, ते बाईने सांगितलंय का?"

"जाहिरातीतच लिहिलंय," मुलगी म्हणाली.

मिस्त्रींना हसू आलं की काय कोण जाणे, त्यांनी तोंड फिरवलं. मग बोट दाखवून म्हणाले, "गाडीनी हमी मी लेस. बाईनी नही."

मी रस्ता ओलांडून अक्कांना बोलवायला गेले. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळून उभ्या होत्या. "काय म्हणाला?" मी शब्दाला शब्द सांगितलं. बाईची हमी घेत नाही, तेही सांगितलं. त्यांनी मान हलवली, जणू हिशेब बरोबर आला. मग ताठ चालत शेडमध्ये गेल्या आणि बाकावरच्या माणसांना आधी म्हणाल्या, "तुम्हीही ऐका."

मग मिस्त्रींकडे वळल्या. "ऑइल तुम्ही टाकलं होतं. चेंबर तडकलं होतं. मला दुसऱ्याच दिवशी कळलं आणि मी तोंड लपवून बसले. मी तुमच्याबद्दल खोटं बोलले, चारचौघांत बोलले, म्हणून चारचौघांत सांगते. माझी चूक झाली." आवाज वर्गात सूचना द्यावी तसा कोरडा, पण हात जोडलेले होते.

मिस्त्री बराच वेळ चिंधीने एकच बोट पुसत राहिले. "आते काय," एवढंच म्हणाले आणि ट्रॅक्टरकडे गेले. चहा नाही, या नाही, बसा नाही. अक्कांनी वाट बघितली नाही. त्यांना जे करायचं होतं ते झालं होतं.

परतताना गाडी मुलीने चालवली. सुरुवातीला घाबरत होती, मग सैलावली. अक्का मागच्या सीटवर आबांच्या शेजारी बसल्या होत्या. तिसऱ्या गिअरला थोडं थांब, असं एकदा त्या म्हणाल्या. धुळ्याला पोचल्यावर आबा फाटकात उतरले आणि म्हणाले, "बाई, अंगणात मी जे बोललो ते मागे घेतो."

"कशाला? तसं विचारलं नसतं तर मी पारोळ्याला गेलेच नसते," अक्का म्हणाल्या.

कागदपत्रं नावावर होईपर्यंत त्यांनी किल्ली दिली नाही. दिली तेव्हा मुलीला गाडीभोवती एकदा सगळं पुन्हा दाखवलं, आणि सीटची एक जादा कव्हरजोडी शिवून तयार ठेवली होती ती मागच्या सीटवर ठेवली. गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली तोवर त्या फाटकात उभ्या होत्या. मग आत जाऊन त्यांनी कपाळाला बाम चोळला आणि दुपारभर झोपल्या. दुपारी झोपलेलं मी त्यांना पहिल्यांदाच बघितलं.

नंतर त्या रिक्षाने जायला लागल्या आणि रिक्षावाल्यांना शिस्त लावायला लागल्या. लांबचे कार्यक्रम मात्र बंद केले. पारोळ्याहून त्यांच्या जुन्या विद्यार्थिनी बोलवायच्या, त्या जायच्या नाहीत. "दुसऱ्याच्या गाडीत मला बसवत नाही," असं म्हणायच्या. डोळा आणखी कमी होत होता. ते कोणाला दिसू नये असंही त्यात असावं. मी एक-दोनदा आग्रह करून बघितला, मग सोडून दिला.

उन्हाळ्याच्या सुट्टीआधीची गोष्ट. सकाळी फाटकासमोर एक जुनी व्हॅन येऊन थांबली. आतून मिस्त्री उतरले. पांढरा सदरा, पांढरी टोपी, हात इतके घासलेले की लाल झालेले. मी ओळखलंच नाही. अक्कांनीही आधी आवाजावरूनच ओळखलं असणार.

"धुयाले काम व्हतं म्हनीसन उनू," ते फाटकाच्या बाहेरूनच म्हणाले. "आज मनी पोरीनी हळद शे. चला."

व्हॅनमध्ये मागे काहीही नव्हतं. धुळ्यात त्यांचं कसलंही काम नव्हतं, हे मला दिसत होतं, अक्कांनाही उमगलं असावं. त्या आत गेल्या. मला वाटलं, नाही म्हणायला शब्द शोधत असतील. पण बाहेर आल्या त्या चांगली साडी नेसून, हातात कागदात बांधलेलं एक पोलक्याचं कापड घेऊन.

व्हॅनपाशी आल्यावर मात्र त्यांच्याच्याने राहवलं नाही. मागच्या चाकापाशी वाकल्या, टायरवर तळवा दाबून बघितला. पुन्हा दाबला.

"यात हवा कमी आहे."

"सकायले भरेल शे," मिस्त्री म्हणाले. ताठ उभे राहून, अक्कांकडे सरळ बघत.

अक्कांचा तळवा टायरवरच होता. कोपऱ्यावर पंक्चरचं दुकान उघडं होतं, तिथे नेऊन दोन मिनिटांत मोजता आली असती. अक्का सरळ उभ्या राहिल्या. साडीला हात लागू न देता हाताची धूळ झटकली.

"तुम्ही म्हणताय म्हणजे भरली असेल," त्या म्हणाल्या आणि दार उघडून पुढच्या सीटवर बसल्या.